जावईबापूंनी फिरवलेला स्क्रू

आबा, आज माझे जावईबापू आले, अन् त्यांच्या मागून त्यांचा वसमतचा दोस्त. पाणी प्यायच्या आधी दोघंही नातीच्या गाडीपाशी जाऊन बसले. तुमाला सांगायचं राहिलंच. माझ्या लेकानं त्याच्या पोरीला, म्हणजे तुमच्या पणतीला, नांदेडहून जुनी, शर्यतीची मोटारसायकल आणून दिलीय. लाइट न्हाई, हॉर्न न्हाई, मागं कुणाला बसवायला जागा न्हाई. नुसती ढेकळांवरून, टेकाडांवरून उडवायची. उंचीला आपल्या गोऱ्ह्याएवढी. पोरगी बांधावरून उडी मारते तवा मला हसू येतं. शेजारणी म्हणतात, म्हातारीला काय झालं. काहून हसू नये? पण आज डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसले. अक्षर तुमाला ठाऊक आहेच, चौथीच्या पुढं सरकलं न्हाई.

गाडीचं इंजिन बराबर जुळवलेलं होतं. पोरगी शाळेतून आली की हवेची जाळी रॉकेलात धुते, साखळी पुसते, पेट्रोलात ऑइल मापानं घालते. मग प्लग काढून मला दाखवते. भाजलेल्या शेंगदाण्याचा रंग आला की इंजिन खुश, हे तिनंच मला शिकवलं. येत्या रविवारी कळमनुरीकडच्या माळावर पोरांची शर्यत आहे, तिचंही नाव दिलंय.

जावईबापू म्हणाले, "लई धूर मारून राहिली. हवा कमी पडते हिला." अन् पेचकस घेऊन कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू फिरवला. दोस्त म्हणतो, "अजून जरा."

पोरगी म्हणाली, "आतोबा, धूर ऑइलचा हाय. ऱ्हाऊ द्या ना."

"तू पाळन्यात व्हतीस तवापून मोटारसायकल चालवतो मी. जाय, अभ्यास कर."

चालू केली तर मूठ पिळली की गाडी गुदमरायची. "आता मोकळी झाली," जावईबापू म्हणाले. पोरगी माझ्याकडं बघून राहिली, आता आजी बोलेल म्हणून. मी म्हणाले, "चहा ठेव."

आबा, ते बोल तुमचे. माझं नवं लग्न, मी माहेरी आलेली. माझे मालक मला भेटायला आलेत, विहिरीवर हातपाय धुऊन राहिलेत. धुऊन झाल्यावर म्हणतात, "पानी कमी फेकून राहिलं," अन् ऑइल इंजिनाचा वेग वाढवायचा नट आवळून टाकतात. इंजिन थरथरतं, काळं ओकतं. मी तोंड उघडते तर तुमी डोळे वटारता, "चहा ठेव." चुलीपुढं बसून मी रडले. धुरानं न्हाई, तुमच्या रागानं. मालकांची एसटी हलली अन् तुमी विहिरीवर गेलात, मी मागून. नटावर अन् त्याच्या बुडाशी चुन्याची बारीक रेघ होती. ते हातपाय धूत होते तेवढ्यात तुमी तंबाखूच्या डबीतला चुना बोटानं लावून ठेवला होता. रेघेला रेघ जुळवली अन् इंजिन पहिल्यासारखं चालायला लागलं.

आज मला रेघ ओढायचं सुचलंच न्हाई. ते दोघं गेल्यापासून आमी स्क्रू थोडा आत घेतो, चालू करतो, प्लग काढतो. राखेसारखा पांढरा, म्हंजे हवा लई. पुन्हा घेतो, तर काळाकुट्ट, म्हंजे पेट्रोल लई. हाताला चटके, पोरगी रडकुंडीला. "आजी, तू बोलली काहून न्हाईस?"

"तुझी आत्या त्याइच्या घरात ऱ्हाते. इथं मी त्याइला खोटं पाडलं की तिथं तिला ऐकावं लागतं."

पोरीनं प्लग फडक्यानं पुसला. म्हणाली, "मंग शर्यत माझीच बुडवायची व्हय?" मी पुन्हा पेचकस उचलला. दिवेलागणीला प्लग कुठं जरासा भाजल्यासारखा दिसला, तरी पहिली मजा न्हाई.

हा कागद कुठं जायचा न्हाई, तुमच्या फोटोमागं फळीवरच पडून राहील, म्हणून लिहिते. मी तुमाला इतकी वर्षं भितरे समजले. तुमी जावयाला भेता असं वाटायचं. तुमी माझ्यासाठी गप बसला होतात, हे आज लेक डोळ्यांपुढं आली तवा कळलं.

जाताना जावईबापू म्हणाले, "शनिवारी परत येतो आमी दोघं. शर्यतीआधी एकदा हात फिरवून देतो." चुन्याची डबी भरून ठेवलीय.