झाकण लावून काढलेला फोटो

अणशी

प्रिय विमल,

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. गुडघ्याला तेल लावतेस ना?

आपला प्रणीत गेल्यावर तू एकच मागितलंस, त्याने काढलेला शेवटचा फोटो. तो इथं त्याच्या कॅमेऱ्यात सापडला, पण पूर्ण काळा आहे. रात्री फोटो काढताना त्याच्या सोबतीला बसणारा इथला मुलगा महाबळेश्वर म्हणाला, "बिघडलेला न्हाई, काका. आकाशातल्या गॅलेक्सीचे फोटो झाले की प्रणीत लेन्सला झाकण लावून असे काळे काढायचा. कॅमेऱ्याचे डाग त्यात कळतात, मग ते खऱ्या फोटोतनं वजा करायचे."

खरे फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक रचल्याशिवाय गॅलेक्सी दिसत नाही. ते मला येत नाही, इथं कुणालाच येत नाही.

रामनगरचा स्टुडिओवाला म्हणाला, "ह्यात कायच न्हाई की, सायेब." तरी छापून घेतला. सोबत ठेवलाय. खराब समजून टाकू नकोस. त्याने तो मुद्दाम काढलाय.

तुझा,
पुंडलिक