दौलताबादच्या एका फेरीला अडीच लिटर

मंगळवार, दिवेलागणीला

तीनचाकी लई पेट्रोल पिती म्हणं. किती येळा तेच ऐकायचं? ह्यांचा पाय अधू झाला तवा मोटरसायकलीला मागं दोन चाकं बसवली, तिच्यावरच पाहुणे किल्ला बघाया नेत्यात. मिस्त्री म्हणतो, लिटरला तीस पडतंय. म्हणून काल मी सोता पंपावर उभी राहून टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली. आज हे दौलताबादला जाऊन आले, येऊन-जाऊन तीस किलोमीटर. परत भरली तर अडीच लिटर बसलं. एकाच्या जागी अडीच.

"मीटर दावा," म्हणलं.

"बंद पडलंय. तुला काय कळतंय त्यातलं?"

मिस्त्रीला दावलं तर तो हसला. "मावशी, मीटरची केबल चांगली हाय. कुणीतरी चाकातून काढून ठेवलीया."

अडीच लिटरात पंचाहत्तर किलोमीटर, म्हंजी दौलताबाद करून करमाडही होतंय. करमाडला आमची लेक, आपल्या मनानं लग्न केलेली. तिचं तोंड बघायचं नाय अशी शपथ ह्यांनीच मला घातली. वर्षभर मी पाळली. अन् हे एकटेच भेटून येत्यात व्हय? का दुसरंच काही हाय?

शनिवारपर्यंत ह्यांनी खरं काय ते सांगायचं. नाय तर रविवारी मागच्या सीटवर मी बसणार.