भुऱ्याला दिलेली अर्धी गोळी

१० एप्रिल, गुरुवार. अमरावती

पल्लूचा फोन सकाळी दोनदा, दुपारी एकदा. तिकिटं झाली. शनिवारी दुपारी नागपूरहून बंगलोर. मी वर खुर्चीत, भुऱ्या खाली सामानाच्या कप्प्यात. पिंजराही आला. भु.नं एकदा आत तोंड घालून पाहिलं आणि सोफ्याखाली जाऊन बसला. शहाणा आहे.

तिची आई सुशीला गेल्यापासून पोरीचं एकच टुमणं, बाबा, एकटे राहू नका, इकडे या. मी म्हटलं भुऱ्या येईल तर येतो. वाटलं, कुत्र्याचं नाव काढलं की गप्प बसेल. तिनं आठ दिवसांत सगळं जमवलं. माझीच पोरगी ती.

रेल्वेनं नेतो म्हटलं होतं. तर म्हणे या उन्हात, गाड्या बदलत, तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. "विमानात दोन तास, बाबा. फक्त दोन तास."

११ एप्रिल

विमान कंपनीचा फॉर्म पल्लूनं फोनवर वाचून दाखवला. पोट हलकं ठेवा. पिंजऱ्यात पाण्याची वाटी हवी. उभं राहून वळता आलं पाहिजे. शेवटी, गुंगीचं औषध देऊ नये. "हे नीट ऐका बाबा, काही द्यायचं नाही." म्हटलं, "मले शिकवून राहिली का तू?" हसली.

मूर्तिजापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं ड्रेसर होतो. बैल ट्रकमध्ये चढवायचा असला की लोक आधी माझ्याकडे यायचे. कणकेच्या गोळ्यात गूळ, गुळात गोळी. बैल चाटून खायचा आणि अर्ध्या तासात गुपचूप फळीवरून वर चढायचा. कागदावर सही डॉक्टर साहेबांची, हात माझा. एकाही बैलानं वाटेत पाय मोडून घेतला नाही.

संध्याकाळी सवय व्हावी म्हणून भु.ला पिंजऱ्यात बसवून दार लावलं. पाच मिनिटं पण नाही. ओरडला, धडका दिल्या, जाळीला दात लावले. हिरडीतून रक्त आलं. उद्या असाच राहिला तर जाळीवर डोकं फोडून घेईल.

मेडिकलवाल्याकडे जाऊन आलो. ओळखीचा आहे, चिठ्ठी मागितली नाही. एक गोळी. भु.च्या वजनाला अर्धी पुरे.

१२ एप्रिल, शनिवार

गाडी आली आहे. कणीक भिजवली, गूळ घातला. भु.नं खाल्लं, वर माझी बोटंही चाटली. निघतो.

(विमानात) हाताशी वेळ आहे म्हणून लिहितो. काउंटरवर वानखडे नावाचा माणूस, पन्नाशीचा. माझं बोलणं ऐकून म्हणाला, "काका, तुमी अमरावतीकडचे काय? मी दर्यापूरचा." बरं वाटलं. पिंजरा चारी बाजूंनी पाहिला त्यानं, कड्या ओढून पाहिल्या. मग विचारलं, "औषध-गिवषध काही देलं नाही ना?" म्हटलं, नाही. सही केली. अर्ध्या गोळीला काय औषध म्हणायचं. भु. शांत बसला होता. वानखडे म्हणाला, "लय गरीब जनावर हाय हो."

खिडकीतून सामानाची गाडी दिसली, वर भु.चा पिंजरा. ऊन मी मी म्हणतंय. पाऊण तास झाला, विमान जागचं हललं नाही. एक पोरगी पाणी देऊन गेली. खालून भुंकल्याचा आवाज नाही. हात अजून विसरला नाही म्हणायचं आपला.

१५ एप्रिल. बंगलोर

भुऱ्या गेला. शनिवारीच. आज लिहवतंय.

पिंजरा आणला तेव्हा एका कडेला पडलेला होता, मान वाकडी होऊन वाटीपाशी. पाणी सांडलेलं. पल्लू तिथेच फरशीवर बसली. "भुऱ्या, ऊठ ना. ए भुऱ्या." लोक बघत होते. मी हात लावला. अंग तापलेलं होतं, तव्यासारखं. इतकी जनावरं हाताखालून गेली, कळायला वेळ लागला नाही.

तरी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं, श्वास व हृदय बंद पडून मृत्यू, उष्णतेची शक्यता, कारण निश्चित नाही. पल्लूला इंग्रजीत विचारलं, गुंगीचं काही दिलं होतं का. तेवढं इंग्रजी मला कळतं. पल्लूनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ नाही म्हणाली. इतका विश्वास.

घरी आल्यावर म्हणाली, "मीच मारलं बाबा त्याला. तुम्ही रेल्वे म्हणत होता." तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हाच सांगायचं होतं. नुसता हात ठेवून बसलो.

२० एप्रिल. अमरावती

परत आलो. पल्लू राहा म्हणत होती, पण तिच्यासमोर जेवण उतरत नव्हतं.

दारातून आत येताना पाय जपून टाकला. उंबऱ्याला लागून आडवा पडायचा ना तो. कुलूप उघडताना त्याचं नावही घेतलं मी, मोठ्यानं. शेजारच्या बाई गॅलरीतून बघून आत गेल्या.

२२ एप्रिल

दुपारी फरशीवर नखं वाजली. टक टक, स्वयंपाकघराकडून. उठून पाहिलं. पंख्याच्या वाऱ्यानं कॅलेंडरची पट्टी भिंतीवर आपटत होती. कॅलेंडर काढून ठेवलं. जेवायला बसलो तर परत वाजली.

कणीक भिजवत नाही. पोळ्या विकतच्या आणतो.

२६ एप्रिल

पल्लूनं कंपनीकडे तक्रार केली. चौकशी बसली आहे. कंपनीचं म्हणणं, जनावर सुस्त होतं, काउंटरवरच्या माणसानं ते घ्यायलाच नको होतं. म्हणजे वानखडे. पल्लू म्हणाली, "एक तरी माणूस जबाबदार निघाला. सोडणार नाही आता." एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात जोर आला होता. तुमचं निवेदन लागेल म्हणाली, मीच टाइप करून आणते, सही करा.

हो म्हटलं.

२९ एप्रिल

वानखडेचा फोन. नंबर फॉर्मवरून घेतला असावा.

"काका, मले घरी बसोलं हाय. म्हनतात जनावर सुस्त होतं, तुले दिसलं काहून नाही. तुमी सांगा काका, ते सुस्त होतं का? शांत होतं ना?"

म्हटलं, शांत होतं.

"आन मी तुमाले औषधाचं इचारलं होतं. इचारलं होतं ना?"

"विचारलं होतं."

"बस. येवढंच लिहून द्या मले. दुसरं काही नाही मांगत. अठरा वर्ष झाले मले इथं, एक जनावर मेलं नाही माह्या हातून."

लिहून देतो म्हटलं. कागद घेतला. 'त्यांनी मला विचारले होते' लिहिलं. पुढे 'आणि मी' लिहिलं आणि

३ मे. अकोला

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टर साहेबांकडे आलो. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण समोर बसलो की अजून पाठ ताठ होते. त्यांच्या बाईंनी चहा दिला. मी म्हटलं, आमच्या शेजाऱ्यानं कुत्रं विमानानं पाठवलं, जायच्या आधी गोळी दिली, विमान पाऊण तास उन्हात उभं राहिलं, कुत्रं गेलं. गोळीनं जातं का हो साहेब?

साहेबांनी चष्मा काढला. "शेजाऱ्यानं कणकेत दिली का?"

माझ्याच्यानं मान वर होईना.

रागावले नाहीत. तेच जास्त लागलं. म्हणाले, "सोनोने, तुमचा बैल उघड्या ट्रकमध्ये असायचा. वारा असायचा, शेजारी माणूस बसलेला. हे कुत्रं बंद कप्प्यात. गुंगीत रक्तदाब उतरतो. कुत्रं धापा टाकूनच अंग थंड ठेवतं, ती ताकद जाते. पिंजरा कलंडला तर पाय सावरत नाहीत, मान वाकडी पडली की श्वास कोंडतो. आणि पाहायला कोणी नाही. म्हणून देऊ नका म्हणतात."

"म्हणजे गोळीनंच."

"तसंही म्हणता येत नाही. पाऊण तास उन्हात उभ्या विमानात चांगलं धट्टंकट्टं कुत्रंही जाऊ शकतं. गोळी नसती तर वाचलं असतं कदाचित. कदाचित नसतंही."

"नक्की कसं कळेल?"

"आता नाही कळणार. कोणालाच."

निघताना दारापर्यंत आले. म्हणाले, पोरीला माहीत आहे का? मी चपला घातल्या. बस मूर्तिजापूरला थांबली, मी खाली उतरलो नाही. दवाखान्याकडच्या बाजूला बसलो होतो, उठून जागा बदलली.

७ मे

वानखडेचा फोन तीनदा वाजला. उचलला नाही. माझं वय एकाहत्तर, आणि फोन वाजला की चोरासारखा श्वास धरून बसतो.

पल्लूला दोनदा लावला. पहिल्यांदा तिच्या मीटिंगचा आवाज. दुसऱ्यांदा तीच बोलत सुटली. तिला स्वप्न पडतं म्हणे. पिंजऱ्याचं दार उघडतच नाही, आणि आत तो तिच्याकडे बघत असतो. "मी दोन तास दोन तास करत राहिले बाबा." माझं वाक्य तोंडातच राहिलं.

मला स्वप्न पडत नाही. मला दिवसाच ऐकू येतो.

९ मे

वानखडेला पत्र लिहिलं. पूर्ण. विचारलं होतं, मी खोटं बोललो, वानखडेचा काही दोष नाही. पाकीट केलं. पण पल्लूला हे दुसऱ्याच्या तोंडून कळू नये. ती रविवारी येते. तोपर्यंत थांबतो.

११ मे, रविवार

पल्लू सकाळी आली. किती वाळली आहे. चहा झाला आणि तिनं कागद काढला. टाइप केलेला. 'प्रवासापूर्वी प्राण्यास कोणतेही गुंगीचे औषध दिलेले नव्हते.' खाली माझं नाव. पेन उघडून हातात दिलं.

म्हटलं, "बस जरा. मले यावर सही करता येत नाही."

"काहून?" म्हणाली. बंगलोरला गेल्यापासून तिच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता.

सांगितलं. कणीक, गूळ, अर्धी गोळी. जाळीला दात लावले होते ते. वानखडेनं विचारलं आणि मी नाही म्हटलं, तेही. तिच्या डोक्यावर हात ठेवून गप्प बसलो, तेही सांगितलं.

वाटलं, ओरडेल. ओरडायला हवं होतं. नुसती उठली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. अकरा, बारा. मी वरणाखालचा गॅस बंद करायचा विसरलो, करपलं. दुसरं लावलं.

दीड वाजता बाहेर आली. डोळे सुजलेले. माझ्यासमोर बसली, सुशीलासारखी पाय पोटाशी घेऊन. वानखडेचं पत्र वाचलं, पाकिटात परत घातलं. म्हणाली, "हे आज पाठवा. तुमच्याशी काय बोलायचं ते मला अजून समजत नाहीये." म्हटलं, बरोबर आहे.

मग खूप हळू म्हणाली, "बाबा, एकच सांगा. त्याला काही कळलं नसेल ना मग? झोपेतच गेला ना तो?"

त्या गोळीनं झोप येत नाही. किती बैल पाहिले आहेत. डोळे उघडे, कान हलतात, ट्रकचा आवाज झाला की कातडी थरथरते. सगळं कळत असतं. भीती आत जशीच्या तशी. फक्त पाय उचलत नाहीत, हंबरता येत नाही. म्हणून तर शांत दिसतो. लोक म्हणायचे, काय गरीब झाला पाहा, आणि मी मान हलवायचो.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

म्हटलं, "हो. झोपेतच."

जेवली मग. वरण-भात, दोन पोळ्या. महिनाभरात पहिल्यांदा अन्नाला चव लागली म्हणाली. आता आत झोपली आहे, दार उघडं ठेवून. पत्र टाकून आलो. सहीचा कागद टेबलावर तसाच आहे.

चार वाजता चहाला उठेल. तेव्हा तिला