धाकटीचा शेवटचा भाग

प्रिय दादा,

तू फोनवर हसत विचारलंस, "काय गं, मेलीस म्हणे मालिकेत?" तेव्हा मीही हसले. बाबा शेजारीच बसले होते, म्हणून पुढचं बोलता आलं नाही. ते आता लिहिते.

मला काढणार हे आधीच कळलं होतं. मी करायचे त्या थोरल्या सुनेला आजार लावला आणि दवाखान्यात, नवऱ्याचा हात हातात असताना, मारून टाकलं. प्रसंग छान झाला, माझ्याच तोंडाने सांगते. कॅमेरामनसुद्धा नाक पुसत होता. परवा भाजी घेताना एक बाई गळ्यात पडून रडली, मग मी जिवंत आहे हे लक्षात येऊन लाजली आणि जाताना म्हणाली, "तब्येतीला जपा हं."

सिनेमा बघताना आई पदर भिजवायची, तेव्हा बाबा कशी थट्टा करायचे! "अगं, पगार घेऊन मेलाय तो. आत्ता उठून चहा पीत असेल." गणिताच्या मास्तरांना पडद्यावरचं मरण कधी पटलंच नाही. आई गेली तेव्हाही ते रडले नाहीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांना खुर्च्या मांडून देत राहिले.

दादा, हल्ली ते मला ओळखत नाहीत. 'जरा विसरतात' यापलीकडे फोनवर मला सांगवलंच नाही. ते मला 'बाई' म्हणतात, अहो-जाहो करतात. पण टीव्हीवर मी दिसले की चेहरा उजळायचा. "ही माझी धाकटी बरं का, बाई," असं मलाच सांगायचे. मीही म्हणायचे, "हो का? गोड आहे हो." तेवढा वेळ तरी मी त्यांची मुलगी असायचे.

तो भाग लागणार होता त्या संध्याकाळी टीव्ही लावायचाच नाही असं मी ठरवलं होतं, पण ते ऐकेनात. पडद्यावर माझ्या तोंडावरून चादर ओढली आणि बाबा उठले. उलटसुलट चपला घालून दाराकडे निघाले. "दवाखाना कुठला? पोरगी एकटी आहे तिथे." मी आडवी गेले. म्हटलं, "बाबा, मीच ती! पगार घेऊन मेले. बघा ना, उभी आहे समोर." त्यांनी माझा हात झटकला. "माझी पोर गेलीय, बाई, आणि तुम्हाला थट्टा सुचते?" मग दाराशीच बसून हुंदके देत रडले. आपले बाबा, दादा.

वाटलं, सकाळी विसरतील. जेवल्याचं विसरतात, आई गेल्याचंही विसरतात. हे मात्र विसरत नाहीत. समजवायला गेलं की जास्तच त्रास होतो, म्हणून मी नुसती जवळ बसते. ते धाकटीच्या गोष्टी सांगतात. मी जन्मले त्या दिवशी त्यांनी वर्गाला एकही गणित घातलं नव्हतं म्हणे. मला हे माहीतच नव्हतं. ऐकताना माझा बांध फुटला, तर स्वतःचा रुमाल पुढे करून म्हणाले, "तुम्ही कशाला रडता, बाई? तुमची कोण होती ती?"

तू रविवारी येतोयस, म्हणून हे पत्र. तुला ते ओळखतील, तुझा फोटो बघून अजून नाव घेतात. ओळखलं की आधी एवढंच सांगतील, की आपली धाकटी गेली. तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. 'ही काय समोर उभी आहे' असं तर मुळीच म्हणू नकोस. त्यांना जवळ घे आणि त्यांच्याबरोबर थोडं रड. घरचं कुणी जवळ नाही म्हणून इतके दिवस ते एकटेच रडताहेत रे.

तुझीच,
धाकटी