लालसूकाकांचं म्हणणं

प्रिय पुनम,

तुझा फोन आला तेव्हा रेंज नव्हती असं कळवलं, ते खोटं होतं. मी उचलला नाही. आरोग्य उपकेंद्र सुरू आहे, नर्स हजर आहे, असा पाहणी समितीचा अहवाल आला म्हणून कोर्टानं गावाची याचिका निकाली काढली, हे तुझ्या मेसेजमध्ये वाचलं. खाली तू लिहिलंस, वकील म्हणून माझंच काही कमी पडलं. ते वाक्य चार दिवस वाचते आहे.

पाहणीच्या आदल्या दिवशी इथे काय झालं, तुला माहीत नाही. तीन वर्षं बंद असलेल्या उपकेंद्राच्या खोलीचं कुलूप तोडलं, चुना मारला, औषधांची खोकी आणली. सोबत भाग्यश्री नावाची तरुण नर्स. तिनं अकरा लेकरांचा ताप पाहिला, दोन गरोदर बायांचं रक्त तपासलं. आपण ब्रह्मपुरीच्या होस्टेलात होतो तेव्हा मला हिवताप झाला, तू रिक्षात घालून दहा मिनिटांत दवाखान्यात नेलंस. इतकं सोपं असतं हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं होतं. भाग्यश्री आली त्या दिवशी ते आमच्या गावात पाहिलं.

गडचिरोलीहून आलेल्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. "तू गावची आशा वर्कर आहेस, शिकलेली आहेस. तक्रार केली तर केस दहा वर्षं चालन. चांगलं सांग, ही नर्स इथीच ठेवतो."

दुसऱ्या दिवशी समिती आली. त्यांना आमची माडिया बोली येत नव्हती, दुभाषी मीच. लालसूकाका उभे राहिले. त्यांच्या कुंतासाठीच तर आपण कोर्टात गेलो. ते म्हणाले, "ही खोली काल उघडली. माझी पोरगी दवाखान्यात नेताना पोटातल्या लेकरासकट नदीकाठी खाटेवरच गेली. तुमच्या शहरात बाया अशा मरतात का?" बराच वेळ बोलले. मी मराठीत सांगितलं, "आता सेवा मिळते. तक्रार नाही." समितीनं लिहून घेतलं. काकांनी खाली अंगठा दिला.

भाग्यश्री परत जायला साहेबांच्याच गाडीत बसली. म्हणाली, "ताई, मले दोन दिवसांपुरतंच पाठवलं होतं." खोलीला नवं कुलूप आहे.

तुझं काही कमी पडलं नाही, पुनम, हे सांगायला लिहिते आहे. हे पत्र कोर्टापुढे ठेवता आलं तर ठेव. माझं काम गेलं तर जाऊ दे. काकांना मात्र अजून सांगू शकले नाही. ते रोज दारात येऊन विचारतात, मी एवढं बोललो, त्यांनी लिहूनही घेतलं, मग कोर्टाला माझं म्हणणं खरं का वाटलं नसेल?

अजून म्हणवत असेल तर तुझीच,
सोमारी