खोटा निघालेला इशारा

आप्पा, तुम्ही मोरिवलीच्या केमिकल कंपनीतून भरदुपारी घरी आलात, तो दिवस मला अजून दिसतो. मी तेव्हा आयटीआयला होतो. बुवापाड्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापतेय. तुम्ही डबा न उघडताच तिच्यापुढे ठेवता आणि म्हणता, "घरी बसवलंय." रिअॅक्टरचं तापमान चढताना दिसलं म्हणून तुम्ही कुणाला न विचारता आत जाणारा माल बंद केला होता, थंड पाणी सोडलं होतं. अख्खी बॅच वाया गेली आणि मागून कळलं, मीटरच बिघडला होता. मी आईसमोरच तुम्हाला बोललो, "साहेबाला विचारायचं तरी. लोक हसतील आता आपल्याला." तुम्ही हात धुताधुता एवढंच म्हणालात, "आणि खरं असतं तर?" पुढे तुम्ही कॅम्प पाचमध्ये एका सिंधी शेठच्या कारखान्यात जीन्सला इस्त्री करायला लागलात. मित्र बरोबर असले की मी दुसऱ्या गल्लीने जायचो. तुम्ही गेलात तोपर्यंत आपण त्यावर पुन्हा कधी बोललो नाही.

नव्वदनंतर मी तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या जहाजावर लागलो. खोल समुद्रात जहाजापासून तळापर्यंत जाडजूड पाइप सोडलेला असतो आणि तळावर, विहिरीच्या तोंडाशी, मोठाल्या झडपा. विहिरीत जड चिखल फिरवत ठेवतात. त्याच्या वजनाने खालचा गॅस दबून राहतो. माझं काम चिखलाच्या टाक्यांवर नजर ठेवायचं. आत सोडला त्यापेक्षा जास्त चिखल परत यायला लागला, की खालून काहीतरी घुसतंय असं धरायचं आणि लगेच थांबायचं. गॅस झडपांच्या वर पाइपात शिरला, की मग झडपा मिटून तो अडत नाही. सरळ जहाजावर येतो.

एका सकाळी टाकीची पातळी चढताना दिसली. मी ड्रिलरला ओरडून सांगितलं. त्याने खोदाई थांबवली, पंप बंद केले, वाट बघितली. विहीर शांत होती. कुणीतरी चुकीचा व्हॉल्व्ह उघडल्यामुळे दुसऱ्या टाकीतला चिखल माझ्या टाकीत येत होता. सगळं काम माझ्यामुळे थांबलेलं. मी मान खाली घालून साहेबांसमोर उभा राहिलो. ते पंजाबी होते. म्हणाले, "अच्छा किया. फिर दिखे तो फिर बोलना." आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सगळ्यांना माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

त्या टाळ्या मला ऐकवेनात, आप्पा. तुम्ही वेगळं काय केलं होतं? तुमच्या हाती इस्त्री आली आणि मला शाबासकी. सुट्टीत घरी आलो तेव्हा आईला यातलं काही सांगू शकलो नाही. तिच्याकडे बघवतच नव्हतं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक खरं लिहितो. जहाजावर काम थांबवायची मुभा होती, तशी शिकवणच होती. मुभा नसती, नोकरी जाणार हे समोर दिसत असतं, तर मी ओरडलो असतो का, याचा पुष्कळदा विचार केलाय. बहुतेक गप्प राहिलो असतो.