तंगुसाची तार

प्रीतम,

उठल्या उठल्या गिटार घेऊ नकोस, आधी हे वाच. मी कुडाळला ऑफिसला निघालेय, बाबा होडीवर गेलेत.

तार तुझ्यामुळेच तुटली, यावर मी अजून ठाम आहे. तू मेटॅलिकाच्या गाण्यांसाठी सगळ्या तारा सैल करून ठेवतोस, मग पिंक फ्लॉइड वाजवायला मला त्या रोज ताणाव्या लागतात. तुटणार नाही तर काय? आणि पिंक फ्लॉइडचा माझा गिलमोर गिटारवर एकेक सूर ओढत जांभया देतो म्हणे! तुझ्या मेटॅलिकाच्या हॅमेटची कुठली शेवटची एस्टी चुकत असते रे?

असो. "तू तोडलीस, तूच आण" करत आपण आठवडाभर फुगून बसलो. काल संध्याकाळी तू बाहेर असताना बाबांनी कंटाळून तारेच्या जागी चक्क मासेमारीचा तंगूस ओढला, गळाला मारतात तशी गाठ मारून. म्हणाले, "दहा किलोच्या सुरमयन तुटाक नाय तो, तुमच्यान काय तुटतलो! आता झगडू नकात."

इलेक्ट्रिक गिटारला लोखंडी तारच लागते, नायलॉनचा तंगूस तिच्यावर मुकाच राहतो, हे त्यांना कोण सांगणार? मी ॲम्प लावून उरलेल्या पाच तारांवर वाजवलं. ते शेवटपर्यंत समोर बसून होते. मग विचारलं, "वाजता मां?"

मी म्हटलं, "वाजता."

तुलाही विचारतील, तूही तेच सांग. आजवर त्यांनी आपल्या दोघांपैकी कुणाचंच बसून ऐकलं नव्हतं. तंगुसाला हात लावलास तर याद राख.

नवी तार मी कालच आणली होती. ती पर्समध्येच राहील.

अक्षदा